आधी लेयर पाहा, मग पैसे मोजा

ताई, नातवाच्या पहिल्या वर्षाचा डिजिटल अल्बम करायचाय, त्यासाठी फोटोशॉपचे महिन्याचे पैसे भरू का, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, जरा थांबा.

मी इथे इंदूरला घरचे जुने फोटो स्कॅन करून पानं जुळवायला बसले, तेव्हा फोटोपी या फोटो-संपादनाच्या साइटवर सुरुवात केली. ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे, बाजूला जाहिराती दिसतात तेवढं सोसायचं. फोटोशॉपची पीएसडी फाइलही त्यात उघडते, म्हणजे तयार टेम्प्लेटही वापरता येतात. गिंप हे सॉफ्टवेअरसुद्धा फुकट, पण त्याचे मेनू अंगवळणी पडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. कुणीतरी तुम्हाला एलिमेंट्स, म्हणजे फोटोशॉपचंच सोपं भावंड, सुचवलंय. नवशिक्यांना सोपं आहे, फक्त २०२५च्या आवृत्तीपासून त्याचा परवाना ३ वर्षांचाच मिळतो, हे ध्यानात असू द्या.

खरी गोष्ट लेयरची, म्हणजे थरांची. फोटो, सजावटीचा कागद, रिबीन, अक्षरं वेगवेगळ्या थरांवर राहिली तरच मागाहून हलवता येतात. मी पहिलं पान नुसतं जेपीईजी करून ठेवलं होतं, त्यात सगळे थर एकत्र चिकटून जातात. १९८४च्या आगीआधीच्या इथल्या राजवाड्यासमोर आजोबा, आणि फोटोखाली त्यांचंच नाव चुकलेलं! सगळं पान पुन्हा केलं.

पान १२ बाय १२ इंच, ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) घ्या, म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल. आणि हो, मुलाला फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि छपाईत नातवाचा चेहरा धूसर यायचा.