वय २८, बीपी १५०/९६ आणि रात्री तीनला मोडणारी झोप: आधी काय तपासायचं?

अर्धीझोप

वय २८. तीन आठवड्यांत दवाखान्यात दोनदा बीपी मोजलं, १५०/९६ आणि १४६/९४ आलं. घरच्या मशीनवर सकाळी साधारण १३८/८८ येतं. रात्री मात्र कधी १२८/८२, तर कधी १५५/१००. झोपेचं असं की साडेअकराला आडवा होतो, तासभर झोप लागत नाही, तीनच्या सुमारास जाग येते आणि पाचपर्यंत डोळा लागत नाही. सातला उठतो. जाग आली की कफ (मशीनचा दंडाला बांधायचा पट्टा) बांधून बीपी बघतो. उंचीच्या मानाने वजन ८-९ किलो जास्त आहे. गोळी अजून सुरू नाही. ‘ताण कमी करा, झोप नीट घ्या’ एवढाच सल्ला मिळाला आहे.

माझे प्रश्न: यातला कोणता आकडा खरा धरायचा? या वयात कोणत्या तपासण्या मागाव्यात? आणि झोपेसाठी गोळीशिवाय नेमकं काय करता येतं?

कफमाप

रात्री तीनला बीपी मोजणं आजपासून बंद करा. त्या आकड्याला काही अर्थ लावता येत नाही. तुम्ही अर्धवट झोपेतून उठलेले असता, मनात धास्ती असते आणि कफ आवळत जातो तशी ती वाढते. १५५/१०० दिसलं की पुढचे दोन तास झोप येणं शक्यच नाही. झोपेतलं बीपी हवं असेल तर त्यासाठी २४ तासांचं यंत्र दंडाला लावतात. ते दिवसा दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री त्याहून कमी वेळा आपोआप मोजतं. त्यात दिवसाची सरासरी १३५/८५ आणि झोपेतली १२०/७० च्या खाली हवी. झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरायला हवं. ते उतरतं की नाही, हे तुमच्या बाबतीत कळणं फार गरजेचं आहे, म्हणून ही तपासणी जरूर मागा.

आता घरचं मोजणं. सगळ्यात जास्त घोळ कफच्या मापाचा असतो. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मध्यावर टेपने दंडाचा घेर मोजा. मशीनसोबत येणारा नेहमीचा कफ बहुधा २२ ते ३२ सेंमी घेरासाठी असतो. घेर ३४ असेल आणि कफ तोच असेल, तर बीपी खरं नसताना जास्त दिसतं. मनगटावरचं मशीन टाळा. कफ उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधा. बाही वर सरकवल्यावर ती दंडाला करकचून बसत असेल तर शर्टच काढा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून बसा, पायावर पाय नको. दंड हृदयाच्या पातळीत टेबलावर टेकवा. हात १० सेंमी खाली लोंबला तर आकडा ७-८ ने जास्त येतो, हे निव्वळ रक्ताच्या स्तंभाचं वजन आहे. पाच मिनिटं गप्प बसा. मोजताना बोललात तरी वरचा आकडा चढतो. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. नकोसा आकडा गाळायचा नाही, आवडता येईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजायचंही नाही.

हे सकाळी नाश्त्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस करा. पहिला दिवस वगळून उरलेल्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी खरंच वाढलेलं आहे. अमेरिकेच्या २०१७ च्या निकषात ही रेषा १३०/८० वर आहे, पण सरासरी पाहायची हे दोन्हीकडे सारखंच. पहिल्या दिवशी दोन्ही दंड मोजा आणि पुढे जास्त आकडा येणारा दंड धरा. दोन दंडांत १५ हून जास्त फरक पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टरांना सांगा.

आठवडा संपला की मशीन कपाटात. पुढचं मोजणं डॉक्टर सांगतील तेव्हा.

एकच अपवाद. आकडा १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, दिसायला अंधुक होणं किंवा एका बाजूचा हात-पाय गळणं यांपैकी काहीही असेल, तर तडक रुग्णालय. लक्षण नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. दुसऱ्या कोणाची गोळी घेऊ नका.

मूळशोध

२८ व्या वर्षी ‘ताण’ हे निदान शेवटी करायचं असतं, आधी नाही. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चाळिशीच्या आत बीपी निघालं तर मागे दुसरं कारण आहे का ते शोधायचं असतं. स्थूलपणा असेल तर त्या शोधाची सुरुवात झोपेतल्या श्वासरोधाच्या तपासणीपासून करायला सांगितलं आहे.

पायाभूत तपासण्या सगळीकडे होतात: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम, लघवीची साधी तपासणी आणि तिच्यातलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर, उपाशीपोटी साखर, रक्तातल्या चरबीचं प्रमाण, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), ईसीजी. या वयात मूत्रपिंडाचा आजार हे महत्त्वाचं कारण असतं. क्रिएटिनिन चांगलं असूनही लघवीत प्रथिनं जात असू शकतात, म्हणून लघवीची तपासणी सोडू नका.

यापुढची एक तपासणी मुद्दाम मागा, ती म्हणजे रक्तातलं अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर. ही दोन्ही शरीरातलं मीठ आणि बीपी सांभाळणारी द्रव्यं. मूत्रपिंडावरची अॅड्रिनल ग्रंथी जास्त अल्डोस्टेरॉन सोडत असेल तर शरीर मीठ धरून ठेवतं. यात पोटॅशियम कमी होतं असं वाचलेलं असतं, पण बऱ्याच जणांत ते नॉर्मलच असतं. बीपीची बहुतेक औषधं हे गुणोत्तर वरखाली करतात. तुमची गोळी सुरू झालेली नाही, म्हणजे अर्थ लावायला सोपा असा निकाल आत्ताच मिळेल.

तपासताना डॉक्टरांनी पायातही बीपी मोजावं. पायातलं बीपी हातापेक्षा बरंच कमी असेल तर महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) अरुंद असल्याची शंका येते. तरुण स्त्रियांत मूत्रपिंडाची धमनी अरुंद होण्याचा एक वेगळा प्रकार दिसतो. डोकेदुखी, घाम आणि धडधड या तिन्ही गोष्टी एकदम झटक्याने येत असतील तर तेही सांगायला हवं.

आणि आत्ता घेत असलेल्या प्रत्येक गोळीची यादी करा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, बंद नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड, संततिनियमनाच्या इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या, एनर्जी ड्रिंक, रोजचं ज्येष्ठमध, या सगळ्यांनी बीपी वाढू शकतं.

अर्धीझोप

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी घोरतो, आणि घोरणं मध्येच थांबून मग घुसमटल्यासारखा आवाज येतो असं घरचे सांगतात. दुसरं, सर्दी झाली की बंद नाकाची गोळी बऱ्याचदा घेतो. पुढे बीपीची गोळी सुरू झालीच तर ती रात्री घ्यायची का?

मूळशोध

मग क्रम बदला. झोपेची तपासणी आधी.

घोरणं थांबतं तेव्हा घशातली हवेची वाट मिटलेली असते. छाती हलत असते, हवा जात नसते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू क्षणभर जागा होतो, घुसमटल्यासारखा आवाज येऊन श्वास सुरू होतो आणि त्याच वेळी बीपी उसळतं. हे तासाला पाचपेक्षा कमी वेळा होत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते आणि तिच्यात घशाचे स्नायू सगळ्यात ढिले पडतात, त्यामुळे तीनची जाग यातूनही येत असू शकते. रात्री लघवीला उठावं लागणं, सकाळी डोकं जड असणं, तोंड कोरडं पडणं हेही यातच बसतं. गोळ्यांच्या यादीसोबत यातलं काय होतं तेही लिहून न्या.

घरी करायच्या चाचणीत बोटाला ऑक्सिजनचा सेन्सर, नाकाशी हवेची नळी आणि छातीला पट्टा एवढंच असतं. मनगटातल्या घड्याळाचा झोपेचा आलेख तिच्या जागी चालत नाही. श्वासरोध निघाला तर सीपॅप यंत्र लावतात, ते मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. त्याने दिवसाची पेंग जाते, पण बीपी सरासरीने दोन-तीन आकडेच उतरतं. म्हणून यंत्र लागलं तरी बीपीचा बाकीचा उपचार सोडायचा नाही. तोवर पाठीवर न झोपता कुशीवर झोपा आणि दारू पीत असाल तर थांबवा, तिने घसा आणखी ढिला पडतो. झोपेची गोळी या तपासणीआधी मागू नका.

निजवेळ

झोपेच्या तिसऱ्या प्रश्नाला एवढ्या तपशिलाने कोणी उत्तर देत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. निद्रानाशावरचा पहिला उपचार गोळी नसून सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची उपचारपद्धती आहे. त्यातला कणा म्हणजे अंथरुणातला वेळ आणि झोप यांचा हिशोब.

तुमचाच हिशोब मांडू. साडेअकरा ते सात, म्हणजे अंथरुणात साडेसात तास. झोप साडेबारा ते तीन आणि पाच ते सात, म्हणजे साडेचार तास. ४.५ भागिले ७.५ म्हणजे ६० टक्के. हे ८५ च्या पुढे हवं. सध्या रोज तीन तास तुम्ही अंथरुणात जागे असता, आणि अंथरूण म्हणजे जागण्याची जागा हे शरीर त्याच तीन तासांत शिकतं.

दोन आठवडे सकाळी उठल्यावर अंदाजाने नोंद करा: किती वाजता पडलो, किती वेळ झोप लागली नाही, किती वेळ जागा होतो, कधी उठलो. रात्री घड्याळ बघायचं नाही, ते भिंतीकडे वळवा. मग उठण्याची वेळ सातच ठेवून अंथरुणातला वेळ कमी करा. तुमची झोप साडेचार तास असली तरी साडेपाचच्या खाली जायचं नाही. म्हणजे झोपायला जायचं दीड वाजता. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांवर गेली की १५ मिनिटं आधी, पुढच्या आठवड्यात आणखी १५. सुट्टीच्या दिवशीही उठायचं सातलाच. बहुतेकांचं इथेच फिसकटतं: पाच दिवस नीट पाळतात, सुट्टीला साडेनऊपर्यंत लोळतात आणि पुढच्या रात्री पुन्हा टक्क जागे.

जाग येऊन वीसेक मिनिटं झाल्यासारखी वाटली की उठा. मंद दिव्यात कंटाळवाणं काही वाचा, डोळे जड झाले की परत या. नाही लागली तर पुन्हा उठा. पहिले दहा-बारा दिवस दिवसा जड जातात, ते अपेक्षित आहे. पण श्वासरोधाची तपासणी होईपर्यंत ही काटछाट सुरू करू नका. अपस्मार (फिट येणं) किंवा बायपोलर विकार असेल तर स्वतःहून नकोच. दिवसा पेंग येत असेल, गाडी किंवा यंत्र चालवायचं असेल तर दर आठवड्याला फक्त अर्धा तास कमी करत जा. तोवर नोंदी आणि ठरलेली उठण्याची वेळ एवढं आजपासून चालू करता येईल.

चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरात अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. दुपारी बारानंतर चहा-कॉफी नको, आणि ते बीपीसाठीही बरं.

औषधखिडकी

रात्रीच्या गोळीबद्दल: ब्रिटनमधल्या टाइम नावाच्या अभ्यासात २१,१०४ लोकांवर सकाळची आणि रात्रीची गोळी यांची तुलना झाली. निकाल २०२२ मध्ये आला, हृदयविकार किंवा पक्षाघातात फरक पडला नाही. रोज आठवणीने घेता येईल ती वेळ ठरवा. मात्र लघवी वाढवणारी गोळी सकाळीच, नाहीतर तीच झोप मोडेल. प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉल या बीपीच्या गोळ्यांनी काहींना वाईट स्वप्नं पडतात, जाग येते.

बंद नाकाची गोळी आठवडाभर घरी मोजायचं ठरवाल त्याआधीच थांबवा, नाहीतर सरासरी तिचीच निघेल. तिच्यात स्यूडोएफेड्रिन (नाक मोकळं करणारं औषध) असेल तर ते झोपही उडवतं. त्याऐवजी मिठाच्या पाण्याचा नाकातला फवारा चालतो.

मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, साधारण चहाचा एक सपाट चमचा, सगळ्या खाण्यातलं मिळून. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. वजन एक किलो उतरलं तर वरचा आकडा साधारण एकाने उतरतो.

नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो, आणि तो रात्री जास्त छळतो. तसं झालं तर गोळी स्वतः बंद न करता ‘सार्टन’ गटातली बदलून मागा. हे दोन्ही गट गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून वाचणाऱ्या मुलींनी तसा विचार असेल तर गोळी लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगावं.