बीपीचा आकडा घरात पहिल्यांदा कधी कळला? आपापला अनुभव लिहा

मागच्या तान्ह्या पोळ्याची सकाळ. गावातली पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरत होती आणि बाबा ओसरीत दाढी करत बसले होते. हातातून वस्तरा गळून पडला. उचलायला वाकले तर बोटं मिटेनात. "अवं, पाह्य वं, माह्या हाताले काय झालं" एवढं बोलले आणि पुढचे शब्द जड झाले, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, वारं लागलं, तेल चोळा. त्या चोळण्यात आमचा पाऊण तास गेला. लकवा होता तो.

दवाखान्यात विचारलं, "आधीपासून बीपी आहे का?" आम्ही सगळे नाही म्हणालो. आठ दिवसांनी विम्याचे कागद शोधताना सातबाऱ्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेली एक चिठ्ठी सापडली. दोन वर्षांपूर्वीच्या शिबिरातली. त्यावर बाबांचं नाव, वय आणि निळ्या पेनानं लिहिलेलं 168/104. खाली एका गोळीचं नाव. बाबांनी ती गोळी तीन महिने घेतली होती. मग "आता बरं वाटते, काहून खाऊ?" म्हणून सोडली. मी शाळेत शिकवते, घरात दोन पदवीधर आहेत, आणि ती चिठ्ठी आमच्यापैकी कोणीही उलगडून पाहिली नव्हती. बरं वाटत होतं ते गोळीमुळे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. ते मी सांगायला हवं होतं.

म्हणून हा धागा. तुमच्या घरात हा आकडा कधी कळला, कुठे मोजला, पुढे काय केलं, ते लिहा.

आधी आकड्यांबद्दल थोडं. वरचा आकडा म्हणजे हृदय आवळून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडतं तेव्हाचा. मोठ्या माणसाचा 120/80 च्या खाली असला तर उत्तम. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा 140 किंवा जास्त, नाहीतर खालचा 90 किंवा जास्त येत राहिला तर बीपी आहे असं धरतात. दोन्ही वाढायला हवेत असं नाही, एक पुरेसा आहे. मोबाइलवर शोधलं की कुठे 130/80 दिसतं, कारण 2017 साली अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी रेघ तिथे आणली. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात 140/90 च धरतात. मधल्या पट्ट्यात असणाऱ्याला लगेच गोळी लागेलच असं नाही, पण त्यानं मोजणं सोडू नये.

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

----

ताई, मी वरुड तालुक्यातला. संत्र्याचा बगीचा हाये. आपल्या बोलीतच लिवतो.

मी दवाखान्यात गेलतो पायाले काटा रुतला म्हून. गावापासून सायकलनं गेलो, फाटकापाशी चहा घेतला, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होताच. सिस्टरनं स्वेटरवरूनच पट्टा बांधला न् मशीन चालू केली. मी तिले काट्याची गोष्ट सांगून राह्यलो होतो. आला 158/98. माह्या तं पोटात गोळाच आला. मले वाटलं, आता संपलं आपलं.

तेवढ्यात दुसरी सिस्टर आली, वयानं मोठी. तिनं पाह्यलं न् म्हणे, "भाऊ, खर्रा थुका, चूळ भरा, लघवीले जाऊन या, मंग इथं टेकून बसा." स्वेटर काढाले लावला. पाय खाली जमिनीले टेकवाले लावले, हात टेबलावर छातीच्या बरोबरीनं. चहा-खर्रा आत्ताच झाला म्हून अर्धा घंटा बसवलं. मशीन चालू असताना मी तोंड उघडलं तं म्हणे, "बोलू नोका." आता आला 136/86. एका मिनिटानं परत घेतला, तं 134/86.

मी तीन येळा गेलो पुढच्या महिन्यात. कधी 132, कधी 138. गोळी नाई लागली अजून. पण खर्रा सोडला. सोडाले जीव जाते, खोटं नाई सांगत. पहिले पंधरा दिवस डोकं ठणकलं, बायकोवर खेकसलो. आता सहा महिने झाले.

----

मी नर्सबाई होते, उपकेंद्रात. भंडारा जिल्ह्यात नोकरी झाली, आता निवृत्त. वरच्या भाऊंनी जे लिहिलं ते मी हजारदा पाहिलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आमच्या उमेदीच्या काळात बीपी हा गावातला आजार मानतच नव्हते. शहरातल्या, खुर्चीवर बसणाऱ्या, जाड माणसांचा आजार. आमचं सगळं लक्ष बाळंतपण, लसी आणि हिवतापावर. मग भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम आला. 2017 च्या शेवटी त्याची घोषणा झाली आणि महाराष्ट्रात जे पहिले चार जिल्हे घेतले त्यांत आपल्या विदर्भातले दोन होते, भंडारा आणि वर्धा. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाचं कार्ड, त्यावर दर महिन्याचा आकडा, आणि गोळ्या पुरेशा दिवसांच्या हातात. गोळी ठरलेली, पायरी ठरलेली. एकीनं नाही उतरला तर पुढची पायरी.

कार्डं भरताना मला जे दिसलं ते असं. धान लावणारी, दिवसभर चिखलात वाकणारी, काडीसारखी बाई, आणि आकडा 170 च्या वर. तिला विचारलं, काही त्रास? "काईच नाई जी." हेच खरं दुखणं आहे. डोकं दुखलं, चक्कर आली की बीपी, असं लोक धरून चालतात. बहुतेकांना काहीच होत नाही आणि आतल्या आत किडनी, डोळे, हृदय, मेंदूच्या नसा झिजत राहतात.

अजून एक. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा उगाच वर दिसतो. पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांवर मोजा, ज्या हाताचा जास्त येईल तोच पुढे धरा. आणि 180/120 च्या वर आकडा, सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं किंवा एक बाजू लुळी पडणं, यातलं काही असेल तर घरी थांबू नका. तेल चोळू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. ताई, तुमच्या पाऊण तासाचं वाचून फार वाईट वाटलं. त्यात तुमचा दोष नाही.

----

आरमोरीकडची आहे मी. सुनेला आठवा महिना लागला होता. पाय सुजले, मी म्हटलं सुजतातच, मलाही सुजायचे. मग चेहरा फुगला, बांगड्या मनगटात रुतल्या. डोकं दुखते म्हणायची, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणायची. मी म्हटलं, उपाशी राहते म्हणून.

आशाताई घरी आली ती हटूनच बसली. "मावशी, आता नाही नेलं तर मी इथून उठणार नाही." उपकेंद्रात मोजला 150/100. लघवीत प्रथिनं निघाली. तिथूनच 102 च्या गाडीनं जिल्ह्याला नेलं, झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं. नात दोन किलो शंभर ग्रॅमची झाली. आता रांगते.

गरोदरपणात 140/90 सुद्धा साधा नसतो, हे मला साठीला आल्यावर कळलं.

----

कमी बीपीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माहेर ब्रह्मपुरी, सासर चंद्रपूरकडे. आमचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा 45 च्या पुढे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, 72 वर्षांचे, बीपीच्या दोन गोळ्या चालू, त्यातली एक लघवी जास्त करणारी. दोन दिवस जुलाब लागले तरी गोळ्या नेमानं घेत राहिले, कारण आम्हीच बजावलं होतं की चुकवायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खाटेवरून उठले आणि उभ्याउभ्या कोसळले. मोजला तर 88/54. सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी ती एक गोळी थांबवली, बरे झाल्यावर कमी मात्रेत परत सुरू केली.

माझा स्वतःचा नेहमीच 96/60 च्या आसपास असतो आणि मला काही होत नाही. डॉक्टर म्हणाले, त्रास नसेल तर हा आजार नाही. तेव्हा नुसता आकडा पाहून शेजारणीच्या सांगण्यावरून मीठ-पाणी पीत बसू नका.

----

हिंगणघाट. माझ्या आईची गोळी चालू होती तरी आकडा 150 च्या खाली येईना. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही घेता का? आई नाही म्हणाली. मग पदराची गाठ सोडली तर त्यात किराणा दुकानातली दुखण्याची गोळी. कापूस वेचून कंबर धरते, म्हणून रोज एक. सगळ्याच वेचणाऱ्या बाया घेतात. या गोळ्यांनी बीपी वाढतो आणि किडनीवरही ताण येतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मिठाचा हिशोब मी केला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा. आम्ही पाच माणसं, किलोचा पुडा वीस-बावीस दिवसांत संपायचा. म्हणजे माणशी नऊ-दहा ग्रॅम, लोणचं-पापड वेगळंच. आता पुड्यावर तारीख लिहून ठेवते. ठेच्यात मीठ कमी केलं तर पहिला आठवडा कोणी जेवेना. मग लिंबू जास्त पिळायला लागले. परवाच्या पुड्याला अडतीस दिवस झाले. आईचा आता 138/84.

----

धागा काढणारीच लिहितेय. सगळ्यांचं दोनदा वाचलं. नर्सताई, तुमचं शेवटचं वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं.

मशीनबद्दल दोघांनी निरोपातून विचारलं, तर आम्ही दंडावर बांधायची घेतली, मनगटावरची नाही. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, दोन-दोनदा मोजतो. घरी मोजलेला 135/85 च्या खाली ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलंय. वहीत बाबा स्वतः डाव्या हातानं लिहितात. आज 132/82.

काल वही मिटताना आई शेजारी बसली होती, तिच्या दंडाला सहज पट्टा बांधला. वय 58. माझी दोन बाळंतपणं तिनं केली, त्या पोळ्यापासून बाबांचं सगळं तीच करते. तिचा बीपी आजवर कोणी मोजलाच नव्हता. 162/96 आला. पुन्हा घेतला, 160/96. उद्या उपकेंद्रात घेऊन जाते. चिठ्ठी माझ्याकडे ठेवीन.