मदत हवी आहे: जानेवारीत कोकणातून गोव्यापर्यंत गाडीने, सोबत आईबाबा, मुलं आणि वाटेत कॅसिनोचा हट्ट

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या आसपास डोंबिवलीहून गाड्या काढून समुद्राकाठाने गोव्यापर्यंत जायचं घाटतंय. आठेक दिवस हाताशी आहेत. नाताळ-एकतीस डिसेंबरची झुंबड मुद्दाम टाळली आहे.

माणसं आठ. आई ६९ (गुडघे कुरकुरतात, पण देवळाच्या पायऱ्या दिसल्या की गप्प बसतात), बाबा ७४, नवरा, मी, पंधरा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा चिरंजीव आणि न्यू जर्सीहून येणारे मामेभाऊ-वहिनी. आमची अर्टिगा आहेच. दादासाठी ड्रायव्हरसकट दुसरी गाडी ठरवतोय, कारण इतकी वर्षं उजवीकडून चालवल्यावर इथल्या अरुंद रस्त्यांवर त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायची माझी छाती नाही.

आता गुंता सांगते. दादा-वहिनी तिकडे अटलांटिक सिटीला शनिवार-रविवारी सहज जाऊन येतात. त्यामुळे दादाच्या डोक्यात असं आहे की हायवेने जाता जाता दोन-तीन कॅसिनो लागतील, तासभर खेळू, तिथेच जेवू, पुढे निघू. बाबांनी हे लगेच उचलून धरलं. जन्म रमी आणि बदाम-सातमध्ये गेला, 'मरायच्या आधी एकदा ते गोल चक्र फिरताना बघायचंय' म्हणतात. आईच्या कानावर गेल्यावर तिने आवाज चढवला नाही. कागद घेतला आणि हेदवी, गणपतीपुळे, कुणकेश्वर, आंगणेवाडी, रेडी अशी यादी लिहून फ्रिजवर लावली. जितके कॅसिनो तितकी देवळं, असा तिचा हिशेब. तो ती मोडणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तर विचारायचं असं की गोव्याच्या अलीकडे, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गात, कुठे अधिकृत कॅसिनो आहे का? नसेल तर गोव्यात आईबाबा आणि मुलं सोबत असताना ते कसं जमवायचं? मुलांना आत घेतात का? बाबांना तिथली दगदग झेपेल का? आणि रस्त्याचं काय, सागरी महामार्गाने जेट्ट्या ओलांडत जावं की मुकाट्याने मुंबई-गोवा धरावा? माणगावात अडकायची कुणाचीच तयारी नाही. चिरंजीवाला वेळासची कासवं बघायची आहेत, तेही सांगून ठेवते.

खर्चाचं दडपण फार नाही, पण हसं व्हायला नको.

मुरूड_जंजाळ

आधी रस्ता. डोंबिवलीहून भाऊच्या धक्क्याला जाऊन रो-रो पकडणं म्हणजे उलटी गंगा. पनवेल-पेण-वडखळ करत अलिबाग किंवा मुरूड गाठा आणि पहिला मुक्काम तिथेच टाका. जानेवारी म्हणजे पोपटीचे दिवस. घरगुती राहणाऱ्यांकडे आधी सांगून ठेवलंत तर लावून देतात. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधे अंडी, बटाटे, खाणाऱ्यांना कोंबडी, वरून पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं करतात आणि भोवती गवत-काटक्या पेटवतात. मडक्यावर पाण्याचे थेंब मारले की चर्र होऊन उडाले पाहिजेत, मग समजायचं झाली. पाणी एक थेंब घालत नाहीत, सगळं वाफेवर. अमेरिकेच्या पाहुण्यांना कॅसिनोपेक्षा हे जास्त लक्षात राहील अशी माझी पैज. (धाग्याला साजेशी!)

दुसऱ्या दिवशी आगरदांडा-दिघी बोट, मग श्रीवर्धन-हरिहरेश्वर, बागमांडला-वेसवी बोट, केळशीकडून दापोली. तिसऱ्या दिवशी दाभोळ-धोपावे बोटीने गुहागर, हेदवी, तवसाळ-जयगड बोट, संध्याकाळपर्यंत गणपतीपुळे. चारही बोटींवर गाड्या चढतात. त्यांच्यामुळे खाड्यांना घालावे लागणारे मोठे वळसे वाचतात, दाभोळच्या बोटीने तर थेट चिपळूणचा फेरा वाचतो. शेवटची बोट किती वाजता सुटते ते आदल्या दिवशी फोन करून विचाराच, जेट्टीवर अंधार पडल्यावर पोचलात तर मधल्या मधे लटकाल. काठाचा रस्ता अरुंद आहे, वळणं फार, सरासरी ताशी तीस धरून चला. रात्रीची गाडी अजिबात नको.

हेदवीला दशभुज गणपतीच्या देवळापर्यंत गाडी जाते, आईंच्या गुडघ्यांना त्रास नाही. खाली समुद्रावर बामणघळ आहे. खडकाला उभी भेग पडलीय, भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि कारंज्यासारखं वर फेकलं जातं. भरतीची वेळ बघून जा, ओहोटीला नुसती भेग दिसते.

वेळासचं मात्र मुलाला आत्ताच समजावा. ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला थंडीत येते, पण पिल्लं बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात. ती बघायची तर साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून पुढे.

ठाम_मत

घरच्यांना घेऊन जुगाराला? छान संस्कार. देवदर्शन करा, मासे खा आणि परत या. अशा धाग्यांना मदत कसली करायची.

खाडीपलीकडची

ठाम_मत, बाबांच्या वयाला मी संस्कार द्यायला गेले तर तेच मला पत्ते पिसायला बसवतील. पुढे.

मुरूड_जंजाळ, पोपटीसाठी दंडवत. आमचं शाकाहारी मडकं वेगळं लागेल.

मांडवीकाठ

पणजीत राहतो, म्हणून कॅसिनोबद्दल मीच लिहितो. गंमत अशी की आमकां प्रवेश ना. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. पण पुण्या-मुंबईचे पाहुणे दर थंडीत येतात आणि त्यांना जेट्टीवर सोडण्या-आणण्याची ड्युटी माझ्याकडेच असते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: गोव्याच्या अलीकडे एकही नाही. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. म्हणजे पनवेलपासून बांद्यापर्यंत कुणी 'आतल्या खोलीत चालतं' असं सांगितलं तर तो सरळ बेकायदा जुगार, पोलीस उचलतील. गोव्यातही दोन तऱ्हा आहेत. जुगार कायद्यातल्या १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी मिळाली, आणि पुढे १९९६ मध्ये पाण्यातल्या जहाजांवर टेबलांवरचे खेळ आले. बाबांना खरं चक्र आणि ते फिरवणारा माणूस बघायचा असेल तर मांडवीतल्या जहाजावरच न्या: डेल्टिन रॉयल, मॅजेस्टिक प्राइड, बिग डॅडी वगैरे. हॉटेलातली यंत्रं बघून त्यांचा विरस होईल.

'तासभर खेळू आणि पुढे निघू' हे इथे जमत नाही. प्रवेशाचंच तिकीट असतं, त्यात जेवण, पेयं आणि बहुधा थोडे खेळायचे कूपन धरलेले असतात. शुक्रवार ते रविवार दर चढे, मधल्या वारी कमी. जेट्टीवर ओळखपत्र दाखवायचं, मग छोट्या होडीने जहाजापर्यंत जायचं. त्यामुळे एकदा गेलात की संध्याकाळ तिथलीच. अख्ख्या सहलीत एकच संध्याकाळ ठेवा, तीही सोमवार ते गुरुवारमधली.

वय २१ पूर्ण लागतं, तेव्हा लेक आणि चिरंजीव दोघेही खेळाच्या मजल्यावर नाहीत. काही जहाजांवर मुलांसाठी वेगळी खोली असते, पण पंधरा वर्षांच्या मुलीला तिथे बसवलंत तर ती परत येईपर्यंत तुमच्याशी बोलणार नाही. हाफ पॅंट आणि चपलांवर पुरुषांना अडवतात, बाबांना बूट घालायला लावा. दादांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवायचा, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. आत टेबलांचे फोटो काढू देत नाहीत. बाबांच्या दृष्टीने दोनच अडचणी: होडीत चढता-उतरताना हात धरायला कुणीतरी हवं, आणि आतला आवाज. रात्री नऊनंतर गाणी-नाच सुरू झाले की गर्दी दुप्पट होते. संध्याकाळी लवकर जा, तेव्हा टेबलं मोकळी असतात आणि खेळ समजावून सांगायला वेळ असतो.

आई आणि मुलांसाठी त्याच संध्याकाळी सांता मोनिका जेट्टीवरून सुटणारी तासाभराची बोट आहे, कोंकणी नाच-गाणी असतात. मग महालक्ष्मीच्या देवळात दर्शन. दुसऱ्या सकाळी कॅसिनोवाले झोपलेले असताना मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा उरकून घ्या. तीन देवळं, एक कॅसिनो, आई हिशेबात पुढेच राहतील.

गाडी हॉटेलवर ठेवा, बांदोडकर मार्गावर संध्याकाळी पार्किंग शोधण्यात जीव जातो. इथे ओला-उबर नाही, गोवा माइल्स चालतं.

हिशेबनीस

पैशांचं बोलतो, कारण त्यात लोक फसतात.

रुलेटच्या चक्रावर हिरवे खाने किती ते आधी मोजायचं. एकच शून्य असेल तर एकूण ३७ खाने आणि नेमक्या आकड्यावर मिळतात ३५ पट. त्या फरकातून कॅसिनोचा वाटा निघतो, शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे. दोन शून्यं असतील तर खाने ३८ होतात आणि वाटा सव्वापाच रुपयांवर जातो. लाल-काळ्यावर लावलंत तरी हेच गणित, शून्य आलं की दोन्हीकडचे हरतात. 'आता सहा वेळा लाल आलंय, काळं येणारच' असं बाबा म्हणाले तर त्यांना चहा प्यायला घेऊन जा.

जिंकलात तरी एक गोष्ट आहे. अशा जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर लागतो, वर सेस. बाबांचं बाकी उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी या रकमेला ती सूट नाही. आणि आदल्या डावात हरलेले पैसे यातून वजा करता येत नाहीत, हे लोकांना शेवटपर्यंत पटत नाही. दहा हजारांवर जिंकलात तर तिथेच कापून हातात देतात. पॅन जवळ ठेवा.

माझी पद्धत: घालवायची रक्कम घरीच पाकिटात घालायची, कार्डं हॉटेलच्या तिजोरीत. पाकीट वहिनींकडे.

कुडाळदेश

मालवणाक येतास तर दोन रात्री तरी र्‍हवा. नायतर गणपतीपुळ्याहून एका दमात पणजी गाठतात आणि वर 'सिंधुदुर्ग पाहिला' म्हणतात.

गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, पावस, पुढे विजयदुर्ग किंवा थेट देवगड-कुणकेश्वर आणि मालवण. दिवस मोठा होईल, सकाळी सातला निघा. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आहे. बांधकाम १६६४ साली सुरू झालेला किल्ला, आत शिवराजेश्वराचं देऊळ. आईंना होडी नको असेल तर धक्क्यावर बसूनही तट अख्खा दिसतो. आंगणेवाडीची जत्रा तेव्हा नसेल, तिची तारीख पंचांगात मिळत नाही, देवीच्या कौलाने ठरते आणि बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तुमच्या दृष्टीने बरंच, एरवी देऊळ निवांत असतं.

थंडीत आमच्याकडे गावोगाव दशावतार असतो. मुलांना एक रात्र जागवा. पेटी-पखवाज-झांज, पडद्याची जेमतेम सोय, आणि संकासुर आला की लहान पोरं आईच्या पदरामागे. चौकशी जेवायला बसाल त्या खानावळीतच करा, तिथे कुणाच्या गावात नाटक आहे ते पक्कं कळतं. एक सावधगिरी: जत्रेच्या कडेला कंदिलाखाली अंदर-बाहरचे पट मांडलेले दिसतील. बाबांना तिथून हाताला धरून पुढे न्या. तो कॅसिनो नव्हे.

मालवणहून वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. रेडीचा गणपती १९७६ मध्ये खाणीत सापडला, मूर्ती मोठी आहे, आईंच्या यादीत आहेच. तिथून तेरेखोल किल्ला दहा-पंधरा मिनिटं. किल्ला नदीच्या अलीकडे असूनही हद्द गोव्याची. खाली केरीला जायची फेरीबोट आहे, ती बंद असली तर आरोंदा-किरणपाणी पुलावरून जा.

परतताना दादांना सांगून ठेवा, गोव्याची बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणायची नाही. इन्सुलीला तपासणी नाका आहे आणि बाहेरगावच्या गाड्या हमखास उघडून बघतात. येताना किनाऱ्याचा हट्ट सोडा. सावंतवाडीत लाकडी खेळणी घ्या, आंबोली चढा, आजरा-गडहिंग्लज करत कोल्हापूरला मुक्काम, मग पुणेमार्गे घर. माणगाव वाटेत येतच नाही.

खाडीपलीकडची

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा काल रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. 'एकच संध्याकाळ' ऐकून दादाचा चेहरा पडला, पण वहिनी म्हणाली की तिला तेवढीच पुरे. कोल्हापूर ऐकल्यावर आईने उठून यादीत अंबाबाई लिहिली. बाबांनी हिशेबनीसांचा परिच्छेद दोनदा वाचायला लावला आणि 'दोन रुपये सत्तर पैसे म्हणजे काहीच नाही' असा निष्कर्ष काढला, त्यामुळे पाकीट वहिनीकडेच राहील.

मुक्काम असे धरतेय: मुरूड, दापोली, गणपतीपुळे, मालवणात दोन, पणजीत दोन, कोल्हापूर. पणजीत बुधवार-गुरुवार पडतील असं निघायचं.

एकच राहिलं. दादाच्या गाडीचा ड्रायव्हर प्रत्येक ठिकाणी झोपणार कुठे? एजंट म्हणतो 'तो बघून घेईल'. मला ते पटत नाही.

कुडाळदेश

एजंटचं ऐकू नका. घाट, बोटी, अरुंद रस्ते, आणि माणूस रात्रभर गाडीत डास मारत बसणार. खोली बुक करतानाच ड्रायव्हरच्या झोपण्याची आणि आंघोळीची सोय विचारा. मालवण-तारकर्लीच्या घरगुती निवासांत अनेक ठिकाणी असते, जेवणही तिथेच देतात.

मांडवीकाठ

पणजीत हॉटेलांत ही सोय क्वचितच. दोन रात्रींसाठी त्याला वेगळी साधी खोली घेऊन द्या, मळा नावाच्या भागात किंवा बसस्टँडजवळ मिळेल. आणि कॅसिनोच्या रात्री त्याला सुट्टी द्या, तसंही तुम्ही टॅक्सीनेच येणार आहात.