दानार्पणाची मोजणी, फंडातली तूट आणि लिलावाची थकबाकी: हिशेब सरळ कसा करावा?

प्रश्न: नवा खजिनदार, पुणे

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

पुण्यातली साधारण ९० कुटुंबांची ख्रिस्ती मंडळी (चर्च) आहे. एप्रिलपासून नवी कमिटी आली आणि खजिनदारपद माझ्याकडे आलं. चार ठिकाणी अडलं आहे.

आजवर दानार्पण खजिनदार घरी नेऊन एकटेच मोजत. दोघांनी देवळातच मोजावं असं सुचवलं, तर काही वडीलधारे म्हणतात, "देवाच्या घरात एकमेकांवर अविश्वास कशाला?" आणि बायबलातलं २ राजे १२:१५ काढून दाखवतात. तिथे प्रामाणिक माणसांकडून हिशेब घेत नसत असं लिहिलं आहे.

दुसरं, इमारत फंडात वहीप्रमाणे असायला हवेत त्यापेक्षा १८,६०० रुपये कमी आहेत. आधीचे खजिनदार वयस्कर आहेत, त्यांच्या सचोटीवर कोणी बोट ठेवत नाही. एकाने सुचवलं की चहापाणी, झाडलोट, रिक्षा अशी किरकोळ व्हाउचरं करून टाका, विषय मिटेल.

तिसरं, हंगामाच्या सणाला अर्पण झालेल्या वस्तूंचा लिलाव. अहवालात ४८,००० जमा दाखवले आहेत, हातात ३१,००० आले.

चौथं, एक देणगीदार मे महिन्यात दिलेल्या चेकची पावती ३१ मार्चच्या तारखेने मागत आहेत.

शास्त्राला आणि कायद्याला धरून काय करावं?

उत्तर १: हिशेब तपासणारा, कॅम्प

चौथ्याचं उत्तर एका ओळीत. पैसे ज्या दिवशी मिळाले त्याच दिवसाची पावती, मागची तारीख नाही. आणि आयकर सवलतीची (८०जी म्हणून ओळखली जाणारी) पावती देण्याआधी तुमच्या ट्रस्टला ती मान्यता आहे का ते बघा. निव्वळ धार्मिक ट्रस्टला ती सहसा मिळत नाही. असली तरी २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला सवलत नसते.

आता मोजणी. दानाच्या थैल्या वेदीपुढे आल्या, प्रार्थना झाली, की भक्ती संपेपर्यंत तिथेच सगळ्यांच्या नजरेसमोर राहू द्या. आशीर्वाद झाला की लगेच वेस्ट्रीत (देवळातल्या आतल्या खोलीत) दार उघडं ठेवून मोजा. सहा जणांची यादी करा आणि दर रविवारी त्यातले दोघे बसवा. दोघे एका घरातले नकोत, व्याही किंवा सासरा-जावईही नकोत. खजिनदाराने मोजू नये, पाळकांनीही नाही. मोजणारे मोजून सह्या करतात, खजिनदार मोजलेली रक्कम ताब्यात घेऊन बँकेत भरतो आणि कीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) लिहितो, मोजणीच्या चिठ्ठीची एक प्रत सेक्रेटरीकडे राहते. एकाची चूक दुसऱ्याच्या कागदात दिसते ती एवढ्यामुळेच.

चिठ्ठी छापील क्रमांकाच्या पुस्तकातली असू द्या. अप्पा बळवंत चौकात तीन प्रतींचं पुस्तक सहज छापून मिळतं. त्यात रकाने असे भरावेत:

५०० × १४ = ७,०००
२०० × ११ = २,२००
१०० × ३७ = ३,७००
५० × २२ = १,१००
२० × ३१ = ६२०
१० × ४६ = ४६०
नाणी = १७३
एकूण १५,२५३, अक्षरी पंधरा हजार दोनशे त्रेपन्न.

खाली दोन सह्या आणि वेळ. खाडाखोड झाली तर एकच रेघ मारून शेजारी दोघांची सही. व्हाइटनर अजिबात नको. दानाच्या पाकिटावर ५०० लिहिलंय आणि आत ४०० निघाले, असं होतं. आत सापडले तेच लिहा, पाकीट फेकू नका, आणि त्या घरी त्याच दिवशी फोन करा. बहुतेक वेळा घाईत नोट राहिलेली असते, पण आठवड्याने विचारलं तर ऐकणाऱ्याला तो आरोप वाटतो.

सोमवारी बँकेत जी रक्कम भराल ती चिठ्ठीशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. बनावट नोट निघून बँकेने जप्त केली तर बँक तिची पोच देते, ती त्या चिठ्ठीला टाचा, म्हणजे फरक का पडला ते पुढे कोणालाही कळेल.

आता जिथे सगळ्यात जास्त बिघडतं ते. थैलीतूनच परस्पर खर्च. पाहुण्या उपदेशकांचे ५००, फुलांचे ३५०, रिक्षाचे ३००, आणि उरलेले १४,१०३ "दान" म्हणून लिहिले. यात कोणी एक पैसा खाल्लेला नाही, तरी वही खोटं बोलते. जमा १,१५० ने कमी, खर्च शून्य, आणि हे १,१५० पुन्हा कधी तपासताच येत नाहीत. त्यापेक्षा बँकेतून ५,००० काढून किरकोळ खर्चाची पेटी ठेवा. पेटीतली रोकड आणि आतली बिलं मिळून कधीही ५,००० भरले पाहिजेत. बिलं साचली की तेवढ्याच रकमेचा चेक काढून पेटी पुन्हा भरा.

क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच हवा. पाळकांच्या किंवा खजिनदाराच्या खात्याचा "तात्पुरता" म्हणूनही नको. दर रविवारी भक्तीआधी एकाने तो स्कॅन करून नाव बघावं, कारण वरून दुसरं स्टिकर चिकटवायला मिनिटही लागत नाही. चेकवर दोन सह्या असतील तर कोऱ्या चेकवर आगाऊ सही करून गावाला जायची पद्धत आजच बंद करा. महिन्याच्या शेवटी बँकेचा ताळमेळ चेकवर सही न करणाऱ्याने घालावा.

आणि एक. कमिटीबरोबर विश्वस्तही बदलले असतील तर बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. तो राहिला की पुढे बँकेत सह्या बदलतानाही अडचण येते.

उत्तर २: शास्त्राभ्यासक, बिबवेवाडी

वडीलधाऱ्यांनी दाखवलेलं वचन खरं आहे, पण अध्याय सहाव्या वचनापासून वाचावा लागेल. योआश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मंदिराची डागडुजी झालीच नव्हती. पैसा याजकांच्या हातात थेट येत होता आणि काम पुढे सरकत नव्हतं. मग यहोयादा याजकाने पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीच्या उजव्या बाजूला ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येत, मोजत आणि थैल्यांत बांधत. एक राजवाड्याचा, एक मंदिराचा. कोणी कोणाच्या हाताखालचा नाही. तुम्ही सुचवलेली दोघांची मोजणी ती हीच.

पंधरावं वचन येतं ते यानंतर, आणि ते मजुरांना पैसे वाटणाऱ्या मुकादमांविषयी आहे. आलेला पैसा आधीच दोघांनी मोजून बांधलेला होता. सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या रोजच्या मजुरीचा कपटा कपटा मागितला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोजणीच नको असा अर्थ त्यातून निघत नाही.

"अविश्वास" या शब्दाबद्दल बोललंच पाहिजे, कारण मनं तिथेच दुखावतात. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौलाने स्वतःबरोबर आपला सहकारी तीत आणि मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ घेतला (२ करिंथ ८:१६-२१). कारणही तो सांगतो: एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी दोष लावू नये, आणि प्रभूपुढे जे चांगलं ते माणसांपुढेही चांगलं दिसावं. त्याआधीच्या पत्रात तर तो म्हणतो की दान घेऊन जाणारी माणसं तुम्हीच पसंत करा (१ करिंथ १६:३). पौल स्वतः प्रामाणिक होता, तरी त्याने एकट्याने पैसा हाताळला नाही. दुसरी सही खजिनदाराचं रक्षण करते. एकटा मोजणारा माणूस कितीही सरळ असला तरी उद्या कोणी कुजबुजलं तर त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. तुमच्या जुन्या खजिनदारांवर आज हीच वेळ आली आहे. वडीलधाऱ्यांपुढे हे मांडा, ते ऐकतील.

उत्तर ३: हिशेब तपासणारा, कॅम्प

१८,६०० बद्दल. व्हाउचरं करू नका. न प्यायलेल्या चहाचं व्हाउचर ही लेखी लबाडी आहे, आणि त्यावर मंडळीच्या विश्वस्तांच्या सह्या होऊन ती तपासलेल्या हिशेबातून धर्मादाय आयुक्तांकडे जाणार.

आधी पैसे गेलेच आहेत का ते बघा. तीन वर्षांची पावतीपुस्तकं, पासबुक आणि खतावणी (खात्यांची वही) शेजारी शेजारी ठेवा, आणि जुन्या खजिनदारांना बरोबर बसवा, त्यांच्या पाठीमागे नको. साधारण या जागी सापडतं. कोणी २५,००० देईन म्हणाला, वहीत २५,००० जमा पडले आणि दिले १५,०००. चेक परत आला आणि जमा खोडायची राहिली. एफडी मोडून नवी केली, मुद्दल इमारत फंडात आणि व्याज सर्वसाधारण खात्यात गेलं. किंवा महावितरणचं बिल थकलं होतं म्हणून फंडातून भरलं आणि नोंद करायची राहिली. शेवटचं असेल तर रक्कम सर्वसाधारण खात्यातून फंडात परत वळवा, कमिटीचा ठराव करून. इमारतीसाठी म्हणून दिलेला पैसा वीजबिलाला वापरायचा हक्क कमिटीला नाही.

शोधूनही काही उरलं, समजा ४,२००, तर तेवढी रक्कम "न उलगडलेली तफावत" म्हणून हिशेबात उघड दाखवा आणि वार्षिक सभेत वाचा. सभेत पाच मिनिटं अवघड जातील, जाऊ द्या.

उत्तर ४: शास्त्राभ्यासक, बिबवेवाडी

यात एक भर. जुन्या खजिनदारांनी स्वतःच सांगितलं की अडचणीत वापरले होते, तर? लेवीय ६ आणि गणना ५ प्रमाणे मुद्दल अधिक पाचवा हिस्सा. १८,६०० वर ३,७२०, एकूण २२,३२०. चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं असेल तर चार मेंढरं, जिवंत हाती लागलं तर दुप्पट (निर्गम २२). आपणहून कबूल करणाऱ्याला नियमशास्त्रातच हात हलका आहे. जकातदार जक्कयाने चौपट देऊ केलं ते त्याच्यावर कोणी लादलं नव्हतं.

आणि जमीन विकून त्यातले थोडेच पैसे प्रेषितांपुढे आणणाऱ्या अनन्याची गोष्ट (प्रेषितांची कृत्ये ५) इथे घाईने काढू नका. प्रेषित पेत्र त्याला सांगतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. पैसे ठेवून घेतले हा त्याचा अपराध नव्हता, थोडं आणून "हेच सगळं" म्हणाला, हा होता. लबाडी मोजायची तर आत्ता जो खोटी व्हाउचरं सुचवतो आहे तो अनन्याच्या जास्त जवळ आहे.

उत्तर ५: पास्टरेट कमिटी (मंडळीचा कारभार बघणारी समिती) सभासद, पिंपरी

पाचव्या हिश्शाबद्दल थोडा मतभेद. त्यांनी आपणहून दिला तर आनंदाने घ्यावा, कमिटीने मागू नये. निवृत्त माणसाला २२,३२० एकदम शक्यही नसतील. मुद्दलाचे महिना १,५५० प्रमाणे बारा हप्ते लेखी ठरवा, १८,६०० होतात. आधी एकट्याने जाऊन बोलावं (मत्तय १८:१५), सोबत पाळक दुसऱ्या भेटीला. मात्र सभेपासून लपवू नये. रक्कम आणि परतफेड सांगावी, पैसे वापरण्यामागचं कारण घरगुती असेल तर ते सांगायची गरज नाही.

आता लिलाव. घोळ बोलीत नसतो, लिहिण्यात असतो. एक भोपळा ६०० ला गेला, घेणाऱ्याने तो परत अर्पण केला, पुन्हा ४५० ला गेला, तोही परत आला, शेवटी ८०० ला. म्हणजे तीन माणसांकडून १,८५० येणे. लिहिणारा मात्र "भोपळा ८००" लिहितो, किंवा बेरीज १,८५० धरतो आणि नावं दोघांची राहून जातात. प्रत्येक बोलीला वेगळी ओळ हवी: वस्तू, नाव, बोली, मिळाले, बाकी. अहवालातही ४८,००० बोली, ३१,००० जमा, १७,००० येणे असे तीन आकडे द्या. न आलेले पैसे जमेत दाखवणं म्हणजे मंडळीला चुकीचं सांगणं, हेतू कितीही चांगला असो.

थकबाकीची नावं फळ्यावर लावू नका. प्रत्येकाला बंद पाकिटात त्याची रक्कम आणि मुदत कळवा. बोललेला नवस फेडावा, फेडता येत नसेल तर बोलू नये, असं उपदेशक ५:४-५ मध्ये आहे. लिलावाच्या आदल्या रविवारी हे वाचलं की बोली जरा बेताने लागतात.

मासिक वर्गणीच्या यादीलाही हेच लागू. नाव आणि रक्कम फळ्यावर लागली की ५० रुपये देणारी विधवा मागच्या बाकावर सरकते. पावती क्रमांक आणि रक्कम एवढंच लावा. ज्याची पावती आहे तो आपली नोंद पडताळून बघतो, शेजाऱ्याला काही कळत नाही.

प्रश्नकर्ता: नवा खजिनदार

मनापासून आभार. मोजणीचं पुस्तक छापायला देतो आहे. शेवटची एक शंका: १७,००० पैकी दोन कुटुंबांकडे ३,४०० आहेत आणि त्यांची परिस्थिती खरंच बिकट आहे. त्यांच्या वतीने कोणी गुपचूप भरले तर चालेल का?

उत्तर ६: पास्टरेट कमिटी सभासद, पिंपरी

भरू द्या, पण पावती भरणाऱ्याच्याच नावाने फाडा. त्या कुटुंबाच्या ओळीत "इतर देणगीतून भागवले, पावती क्र. अमुक" एवढं लिहा. कोणी भरणारं नसेल तर कमिटीने ठराव करून ३,४०० माफ करावेत आणि वहीत "माफ" हाच शब्द लिहावा, "जमा" नाही. पुढच्या वर्षी लिलावाच्या टेबलाशेजारी पावतीपुस्तक घेऊन दोघांना बसवा, रोख किंवा यूपीआय आल्यावरच वस्तू हातात द्या.