मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकवताना लेखी गप्पांचा उपयोग कितपत होतो?

सायंवर्ग, नागपूर: नमस्कार. नोकरीनिमित्त नागपुरात आलेल्या हिंदीभाषक प्रौढांना मी संध्याकाळी मराठी शिकवते. वर्गात ठरावीक तीन-चार जणच बोलतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात मात्र एरवी अबोल असणारे विद्यार्थीही मराठीत भरभरून लिहितात. या शहरात हिंदीवर सगळे व्यवहार निभावतात, समोरचा जरा अडखळला की बर्डीवरचा दुकानदारही लगेच हिंदीवर येतो, त्यामुळे वर्गाबाहेर त्यांना सराव जवळजवळ मिळतच नाही. म्हणून आठवड्यातला एक तास पूर्णपणे लेखी गप्पांना द्यावा, असे मनात आहे. त्याने बोलणे सुधारेल, की केवळ टंकनाचा वेग वाढेल?

भाषाध्यापक: ताई, आपली शंका रास्त आहे आणि तिच्यावर बरेच संशोधन झालेले आहे. रिचर्ड केर्न यांनी 1995 मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांची तोंडी चर्चा आणि संगणकावरची लेखी चर्चा ताडून पाहिली, तेव्हा लेखी चर्चेत विद्यार्थ्यांचा सहभाग दुपटीहून अधिक आढळला. व्याकरणाची शुद्धता मात्र त्याने आपोआप येत नाही, हेही त्यांनी नोंदवले. मार्क वॉर्शॉअर यांना 1996 मध्ये असेच दिसले, की लेखी चर्चेत सहभाग अधिक समान वाटला जातो. आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर पेन आणि व्हिटनी यांच्या 2002 च्या अभ्यासात मिळते: स्पॅनिशच्या विद्यार्थ्यांनी आठवड्याच्या चार तासांपैकी दोन तास लेखी गप्पांना दिले आणि तरीही त्यांचे तोंडी कौशल्य इतरांपेक्षा जास्त सुधारले. बोलताना आणि तत्काळ लिहिताना वाक्य मनात जुळवण्याची क्रिया बरीचशी सारखीच असते, फक्त लिहिताना उसंत मिळते, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे. तेव्हा तो एक तास निर्धास्तपणे द्यावा.

रायपूरहून आलेला विद्यार्थी: मी अशाच एका वर्गात मराठी शिकलो, म्हणून शिकणाऱ्याची बाजू मांडतो. हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी असल्यामुळे मी गटात ‘माझी पुस्तक घरी राहिली’ असे लिहिले होते. त्यावर सहाध्यायी ताईंनी चूक न दाखवता ‘तुमचं पुस्तक घरी राहिलं का? मग माझं घ्या’ असे उत्तर दिले. दोन्ही वाक्ये पडद्यावर एकाखाली एक होती, त्यामुळे फरक लगेच नजरेत भरला. तोंडी संभाषणात तो कानावरून निसटून गेला असता. मात्र ‘चार’ आणि ‘चाक’ यांतल्या ‘च’चे उच्चार वेगळे आहेत, हे लिपीत दिसत नसल्याने लेखनातून कळण्याचा मार्गच नव्हता. ते मला ध्वनिसंदेशांमुळे समजले, म्हणून त्यांनाही जागा ठेवावी, ही विनंती.

भाषाध्यापक: उच्चारांचा मुद्दा अगदी योग्य आहे. त्याच कारणाने रोमन लिपीत टंकन करू देऊ नये, कारण तिथे ‘न-ण’ आणि ‘ल-ळ’ एकच होऊन बसतात.

सायंवर्ग, नागपूर: दोघांचेही मनापासून आभार. आता अडचण विषयांची आहे. ‘आज काय केले?’ असे विचारले की दोन ओळींत उत्तरे येतात आणि गप्पा तिथेच थांबतात.

भाषाध्यापक: विषयाऐवजी काम द्यावे. जोड्या करून एकाला रामटेकच्या बसगाड्यांच्या वेळा द्याव्यात, दुसऱ्याला घरच्या मंडळींच्या सवडीच्या वेळा द्याव्यात, आणि गड व खिंडसी तलाव पाहून संध्याकाळी परतता येईल असा बेत दोघांनी मिळून ठरवायचा, असे सांगावे. एकमेकांना विचारल्याशिवाय काम पुरे होत नाही, म्हणून ‘म्हणजे कधी?’, ‘पुन्हा सांगाल का?’ असे प्रश्न आपसूक येतात. मायकेल लाँग यांच्या मांडणीत भाषा आत्मसात होण्याला हीच अर्थाची देवाणघेवाण हातभार लावते. त्या वेळी आपण मध्ये पडू नये. दुसऱ्या दिवशी त्याच संभाषणातली चार-पाच वाक्ये नावे वगळून फळ्यावर लिहावीत, वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्यावीत आणि मग ठरलेला बेत प्रत्येक जोडीला तोंडी सांगायला लावावा.