घरी राहून दारू सोडवण्याचे उपचार घेता येतात का?

प्रश्न (दापोली तालुका)
नमस्कार. माझे थोरले बंधू हर्णैच्या एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्यामुळे ते सध्या घरी आहेत आणि गेली दोन वर्षे वाढत गेलेले त्यांचे पिणे आता सकाळीच सुरू होते. घोट पोटात गेल्याशिवाय हातांची थरथर थांबत नाही. सोडायची इच्छा त्यांनी स्वतःच बोलून दाखवली, परंतु आई अंथरुणाला खिळलेली असल्यामुळे केंद्रात भरती होण्यास ते तयार नाहीत. ओपीडीत येऊन-जाऊन उपचार होतात का? शेजारच्या काकूंनी चहातून गुपचूप द्यायला एक पूड आणून दिली आहे. ती द्यावी का?

उत्तर (रत्नागिरी, परिचारिका)
ताई, पूड मुळीच देऊ नका. तिच्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल, तर वर दारू घेताच छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि प्रसंगी जिवावर बेतते. डॉक्टर हे औषध रुग्णाला सारे समजावून, त्याच्या संमतीनेच देतात.

घरी राहून अनेकांचे उपचार होतात, मात्र सकाळची थरथर वाचून मला पहिल्या आठवड्याची काळजी वाटते. रोजची दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, भ्रम, ताप असा धोकादायक प्रकार होऊ शकतो. पूर्वी दारू थांबवल्यावर असे काही झाले असेल, तर हे दिवस रुग्णालयातच काढावेत. तसे नसेल, तर डॉक्टर तपासणी करून दिवसागणिक कमी होत जाणाऱ्या गोळ्या आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देतात. गोळ्या आपल्या ताब्यात ठेवाव्यात. या गोळ्यांवर दारू अजिबात चालत नाही. डॉक्टर भेटेपर्यंत बंधूंनी दारू स्वतःहून एकदम बंद करू नये. येथील प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवता येईल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

उत्तर (मालवण)
मी घरी राहूनच सोडली. गोळ्यांनी आठवडा निभावला. खरी ओढाताण नंतरच्या संध्याकाळची होती, कारण घर तेच, जेटी तीच आणि बसणारे मित्रही तेच. जाळी दुरुस्त करण्याचे काम मी बंदरावरून अंगणात आणले आणि पैसे पत्नीकडे ठेवले. दोनदा घसरलो. पहिल्यांदा लपवले आणि महिना वाया गेला. दुसऱ्यांदा दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगितले, तेव्हा त्यांनी यकृताची तपासणी करून ओढ कमी करणारे नालट्रेक्सोन सुरू केले. दादांनी बोट सुटण्याआधीच खलाशांना स्पष्ट सांगावे. तांडेलाचा शब्द बोटीवर चालतो, तो येथे कामी येईल.

प्रश्नकर्ती
दादा उद्यापासूनच एकदम बंद करणार होते. आपली उत्तरे वाचून दाखवल्यावर सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन मगच सुरुवात करायची, असे ठरले. पूड टाकून दिली. तेथे त्यांचे नाव गुप्त राहील ना? बंदरावर कळले, तर ते पुन्हा जाणार नाहीत.

उत्तर (रत्नागिरी, परिचारिका)
राहील. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. ही गोष्ट निघण्याआधी त्यांना अवश्य सांगा.