मदत हवी आहे: सांधेरोपण आणि बाबांची स्मरणशक्ती

बाबांचं वय ७८. गुडघ्याचं सांधेरोपण करायचं नक्की आहे, पण तारीख घेतलेली नाही. अडलंय ते त्यांच्या विसरण्यापाशी. गोळी घेतली का हे ते दोन-दोनदा विचारतात, हिशेब मात्र अजून चोख. मधुमेह आहे, ऐकू कमी येतं आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम कित्येक वर्षं चालू आहे.

घरात वाद भुलीवरून. आत्याचं म्हणणं, पूर्ण भुलीनंतर माणूस पहिल्यासारखा राहत नाही, पाठीत इंजेक्शन देऊनच करा. मला ते तेवढं सरळ वाटत नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या पन्नाशीपुढच्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात भूल कुठलीही असो, डेलिरियम (अचानक होणारा मानसिक गोंधळ) साधारण २० टक्के लोकांना झालाच. त्याआधी १९९८ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठीपुढच्या सुमारे २६ टक्के रुग्णांची बौद्धिक क्षमता ऑपरेशननंतर आठवड्याने घसरलेली होती, तीन महिन्यांनी जवळपास १० टक्क्यांची. सुरुवातीच्या घसरणीशी वय, भुलीचा कालावधी, कमी शिक्षण, दुसरं ऑपरेशन, जंतुसंसर्ग आणि श्वसनाचे त्रास यांचा संबंध दिसला. तीन महिन्यांनंतर उरलं फक्त वय. ऑपरेशनमध्ये ऑक्सिजन किंवा रक्तदाब उतरण्याशी संबंध सापडला नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं.

वय तर बदलता येणार नाही. मग हातात काय उरतं? अल्प्राझोलाम आधी बंद करावं का? स्मरणशक्तीची चाचणी आपणहून मागावी का? की ऑपरेशनच टाळावं? दुखण्यामुळे त्यांचं चालणं जवळजवळ थांबलंय, तेही डोक्याला चांगलं नाहीच. जाणकारांनी किंवा यातून गेलेल्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

मी भूलतज्ज्ञ आहे. बाबांना न तपासता बोलतोय हे धरून वाचा.

अल्प्राझोलाम परस्पर बंद करू नका. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली तर त्यानेच डेलिरियम होतो, क्वचित फिट येते. देणाऱ्या डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या, तारीख त्यानंतर. सर्दी, खाज, लघवी यांसाठीच्या गोळ्याही दाखवा, त्यातल्या काही वृद्धांच्या मेंदूला मानवत नाहीत.

चाचणी जरूर मागा. आधीचा विसर हाच मोठा धोका असतो, आणि आधीची नोंद नसेल तर नंतर 'बाबा बदललेत' हे कशाशी ताडून बघणार? त्याच वेळी बी-१२ आणि थायरॉईड पाहून घ्या.

ऑपरेशननंतर श्रवणयंत्र आणि चष्मा लवकरात लवकर परत द्यायला सांगा. ऐकू न येणारा माणूस गोंधळलेला समजला जातो, आणि खरोखर गोंधळतोही. रात्री झोप, दिवसा उजेड, लवकर उभं करणं, घरचं माणूस जवळ असणं, याने फरक पडतो. वेदना मात्र मुकाट्याने सोसायच्या नाहीत.

डेलिरियममध्ये बडबड करणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. गप्प, सतत गुंगीत पडून राहणारा सुटतो. तसं दिसलं तर 'थकले असतील' म्हणून सोडून देऊ नका, लगेच कळवा. लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता, सोडियम, साखर, संसर्ग यांतलं काहीतरी बरेचदा निघतं.

धागाकर्ता

आभार. श्रवणयंत्र आहे, पण ते वापरतच नाहीत. ऑपरेशनआधी सवय लागायला किती वेळ धरावा?